दक्षिण कोरियातील लष्करी कायद्याचे संकट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर २०२४ ते जून २०२५ या काळात दक्षिण कोरियात जे घडले, त्याविषयी वाचकांकडून सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. क्रम सोप्याकडून गुंतागुंतीकडे आहे. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एकदा सांगितलेली गोष्ट पुन्हा न सांगता संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. निवडणुकीनंतर चाललेले फौजदारी खटले हा वेगळा विषय असल्याने तो येथे घेतलेला नाही.

१. मला या प्रकरणातले काहीच माहीत नाही. थोडक्यात काय झाले?

३ डिसेंबर २०२४ च्या रात्री साडेदहाच्या सुमारास राष्ट्राध्यक्ष यून सुक येओल यांनी दूरचित्रवाणीवरून लष्करी कायदा लागू केल्याची घोषणा केली. अडीच तासांत संसदेने, म्हणजे राष्ट्रीय सभेने, तो उठवण्याचा ठराव १९० विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केला आणि पहाटे साडेचारच्या सुमारास तो मागे घेण्यात आला. १४ डिसेंबरला सभेने यून यांच्यावर महाभियोग मंजूर केला. ४ एप्रिल २०२५ रोजी घटना न्यायालयाने त्यांना एकमताने पदच्युत केले आणि ३ जूनच्या निवडणुकीत विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाचे ली जे-म्युंग निवडून आले. दरम्यान हंगामी राष्ट्राध्यक्षपद तीन जणांच्या हाती गेले आणि पदावर असलेल्या राष्ट्राध्यक्षाला अटक होण्याची त्या देशातील पहिलीच घटना घडली.

२. एवढी नावे आणि एवढ्या तारखा आहेत. सुरुवात कुठून करावी?

नावांपासून मुळीच करू नये. कोरियन नावात आडनाव आधी येते आणि आडनावे मोजकीच असल्याने घोटाळा ठरलेला. या एका प्रकरणात विजयी उमेदवार ली जे-म्युंग, तिसऱ्या क्रमांकाचे उमेदवार ली जुन-सॉक आणि शेवटचे हंगामी राष्ट्राध्यक्ष ली जू-हो असे तीन ली आहेत. संरक्षणमंत्री किम योंग-ह्युन, राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी किम कॉन-ही आणि पराभूत उमेदवार किम मून-सू असे तीन किमही आहेत. त्यांचे परस्परांशी नाते नाही.

त्याऐवजी चार आकडे लक्षात ठेवावेत. राष्ट्रीय सभेत ३०० सदस्य असतात. लष्करी कायदा उठवण्यास किंवा मंत्र्यावर महाभियोग चालवण्यास एकूण सदस्यसंख्येचे बहुमत, म्हणजे किमान १५१ मते लागतात. राष्ट्राध्यक्षावरील महाभियोगास दोन तृतीयांश, म्हणजे २०० मते लागतात. आणि घटना न्यायालयात पदच्युतीसाठी नऊपैकी किमान सहा न्यायाधीशांची सहमती लागते. व्यक्तींचे स्वभाव, हेवेदावे, पत्नीचा प्रभाव, ज्योतिषी आणि गुरूंच्या कहाण्या या सगळ्यांवर भरपूर छापून आले आहे. परंतु संकटाने प्रत्येक वेळी जे वळण घेतले, ते या चार आकड्यांपैकी कोणत्या तरी एकाशी अडल्यामुळे किंवा तो ओलांडल्यामुळे घेतले, असे माझे मत आहे. पुढील उत्तरेही त्याच अंगाने लिहिली आहेत.

३. कोणती वृत्तपत्रे वाचावीत? वेगवेगळ्या बातम्यांत तारखाही वेगळ्या दिसतात.

घटनाक्रमासाठी योनहाप ही वृत्तसंस्था पुरेशी आहे. मतांसाठी मात्र किमान दोन बाजू वाचाव्यात : चोसुन इल्बो हे उजव्या विचारांचे मोठे दैनिक आहे, तर हानक्योरे उदारमतवादी डाव्या बाजूचे. दोघांच्याही इंग्रजी आवृत्त्या आहेत. यून यांच्या घोषणेवर ही दोन्ही दैनिके टीका करतात, हे सुरुवातीलाच कळले तर बरेच गैरसमज टळतात. त्यांच्यातला खरा वाद त्यानंतरच्या गोष्टींवर आहे.

तारखांचे म्हणाल, तर कोरियाची वेळ भारतापेक्षा साडेतीन तासांनी पुढे आहे. सभेतील मतदान तेथे ४ डिसेंबरच्या पहाटे एकला झाले, तेव्हा भारतात ३ तारखेची रात्र होती आणि अमेरिकेत सकाळ. या पानावरील सर्व वेळा कोरियातील आहेत.

४. दक्षिण कोरियात पंतप्रधानही आहेत ना? मग सत्ता नेमकी कोणाच्या हातात असते?

राष्ट्राध्यक्षांच्या. १९८७ च्या घटनेनुसार राष्ट्राध्यक्ष थेट जनतेतून पाच वर्षांच्या एकाच मुदतीसाठी निवडला जातो आणि तोच सरकारचा प्रमुख व सेनादलांचा सरसेनापती असतो. पंतप्रधान सभेच्या संमतीने नेमला जातो, पण तो बहुमत असलेल्या पक्षाचा नेता नसतो. त्याचे महत्त्व राष्ट्राध्यक्षाची खुर्ची रिकामी झाली की वाढते (प्रश्न ९ पाहा).

या रचनेत राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि सभेतील बहुमत दुसऱ्या पक्षाचे, ही स्थिती वर्षानुवर्षे टिकू शकते. राष्ट्राध्यक्षाला सभा विसर्जित करण्याचा अधिकार नाही आणि सभेला अविश्वास ठरावाने राष्ट्राध्यक्ष हटवता येत नाही. कोंडी फोडण्याचा सोपा घटनात्मक मार्ग कोणाकडेच नसतो.

५. यून यांनी हे पाऊल उचललेच का?

माजी महाअभियोक्ता असलेले यून मार्च २०२२ ची निवडणूक अवघ्या ०.७३ टक्के मतांच्या फरकाने जिंकले होते आणि हरलेले उमेदवार होते ली जे-म्युंग. एप्रिल २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत यून यांच्या पीपल पॉवर पक्षाला १०८ जागा मिळाल्या, तर विरोधकांच्या एकूण जागा १९२ झाल्या. हे बलाबल ध्यानात ठेवावे, कारण विरोधकांना २०० चा आकडा गाठायला फक्त आठ मते कमी होती.

त्यानंतर उभय पक्षांनी आपापली हत्यारे पुरेपूर वापरली. सभा विधेयके मंजूर करी आणि यून नकाराधिकार वापरून ती परत पाठवीत. त्यांत त्यांच्या पत्नीच्या चौकशीची विधेयकेही होती. विरोधकांनी मंत्री आणि सरकारी अभियोक्त्यांवर एकापाठोपाठ एक महाभियोगाचे प्रस्ताव आणले आणि नोव्हेंबरच्या अखेरीस अर्थसंकल्पातून ४.१ ट्रिलियन वॉनची कपात समितीत मंजूर करून घेतली. घोषणेच्या भाषणात यून यांनी याच गोष्टींचा पाढा वाचला आणि ‘उत्तर कोरियाधार्जिण्या राष्ट्रविरोधी शक्तीं’पासून देश वाचवण्याची भाषा केली.

विरोधकांचे वर्तन आडमुठे होते, ही तक्रार अगदीच निराधार नव्हती. घटना न्यायालयानेही निकालात सभेला संयमाचे चार शब्द सुनावले. पण अर्थसंकल्पातील कपात हे युद्ध नव्हे, आणि घटनेला अट युद्धाची किंवा तत्सम राष्ट्रीय संकटाची आहे.

६. लष्करी कायदा म्हणजे आणीबाणीच का? घटनेत तशी तरतूद आहे म्हणता, मग ती बेकायदा कशी ठरली?

कोरियाच्या घटनेत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कलम ७६ आर्थिक व अन्य आणीबाणीच्या आदेशांविषयी आहे, तर कलम ७७ लष्करी कायद्याविषयी. कलम ७७ नुसार युद्ध, सशस्त्र संघर्ष किंवा त्या तोडीच्या राष्ट्रीय संकटात राष्ट्राध्यक्ष लष्करी कायदा लागू करू शकतो. त्याच्या तीव्र प्रकारात वृत्तपत्रस्वातंत्र्य, सभास्वातंत्र्य, अटक वॉरंटची पद्धत आणि कार्यकारी व न्यायमंडळाचे अधिकार यांबाबत विशेष उपाय योजता येतात.

या यादीत विधिमंडळाचे नाव नाही. उलट राष्ट्राध्यक्षाने सभेला विनाविलंब कळवले पाहिजे आणि सभेने बहुमताने मागणी केल्यास लष्करी कायदा उठवलाच पाहिजे, असे तेच कलम सांगते. म्हणजे संपूर्ण तरतुदीवरचा लगाम सभेच्या हातात दिलेला आहे. लष्करी कायद्याचे प्रमुख म्हणून नेमलेले सेनाप्रमुख पार्क आन-सू यांच्या नावाने त्या रात्री निघालेल्या पहिल्या फर्मानात मात्र राष्ट्रीय सभा, स्थानिक मंडळे आणि राजकीय पक्ष यांच्या सर्व कारवायांवर बंदी घातली होती. घोषणेमागची कारणे वादग्रस्त मानली, तरी हे एक वाक्य कोणत्याही अर्थाने घटनेत बसत नव्हते. (त्याच फर्मानात संपावरील निवासी डॉक्टरांनी ४८ तासांत कामावर परतावे, असाही हुकूम होता. वैद्यकीय प्रवेशांच्या वादाचा लष्करी कायद्याशी काय संबंध, हे आजवर कोणाला नीट सांगता आलेले नाही.)

यापूर्वीचा लष्करी कायदा १९७९ साली, राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या हत्येनंतर लागू झाला होता. मे १९८० मध्ये तो देशभर विस्तारला आणि ग्वांगजू शहरात लष्कराने नागरिकांवर गोळीबार केला. २०२४ च्या डिसेंबरात रस्त्यावर धावत आलेल्या पन्नाशी-साठीच्या लोकांच्या मनात तीच आठवण होती.

७. सैनिकांनी संसदेला वेढा घातला होता, तर १९० सदस्य आत पोहोचले कसे?

बरेच जण कुंपणावरून चढून. पोलिसांनी फाटके अडवली होती, त्यामुळे सभापती ऊ वॉन-शिक यांनी कुंपण ओलांडले. ली जे-म्युंग यांनी तर आपण भिंत चढत असल्याचे फोनवरून थेट प्रक्षेपण केले आणि लोकांना संसदेकडे येण्याचे आवाहन केले. मध्यरात्रीपर्यंत हजारो नागरिक फाटकांशी जमले. विशेष दलाचे सैनिक हेलिकॉप्टरमधून उतरले आणि खिडकीची काच फोडून मुख्य इमारतीत शिरले, तेव्हा पक्षांच्या कर्मचाऱ्यांनी टेबल-खुर्च्यांचे अडथळे रचून आणि अग्निशामक नळकांड्यांचा फवारा मारून त्यांची वाट अडवली. सैनिकांनी गोळी झाडली नाही, आणि त्यांच्यातील अनेकांची चाल मुद्दाम संथ होती, हे चित्रफितींतही दिसते.

सभागृहातील दृश्य वेगळेच होते. सदस्य ‘लवकर मतदान घ्या’ म्हणून ओरडत होते आणि ठराव रीतसर दाखल होईपर्यंत सभापती थांबून राहिले. त्या क्षणी हा हट्ट अनेकांना वेडेपणाचा वाटला. पण ठरावात कार्यपद्धतीची एखादी त्रुटी राहिली असती, तर तो अवैध असल्याचा दावा करायला सरकारला आयती पळवाट मिळाली असती. पहाटे एक वाजता मतदान झाले : उपस्थित १९०, बाजूने १९०. त्यांत राष्ट्राध्यक्षांच्याच पक्षाचे १८ सदस्य होते.

८. ठराव एकला मंजूर झाला, मग लष्करी कायदा साडेचारला का उठला?

मतदानानंतर सैनिक इमारतीतून बाहेर पडू लागले, पण औपचारिकरीत्या तो मंत्रिमंडळाच्या बैठकीत उठवावा लागतो. यून यांनी साडेचारच्या सुमारास दूरचित्रवाणीवर येऊन तसे जाहीर केले. मधल्या साडेतीन तासांत पुन्हा घोषणा होईल, या भीतीने सदस्य सभागृह सोडून गेले नाहीत.

९. पहिला महाभियोग फसला आणि आठवड्यात दुसरा मंजूर झाला. असे का? आणि त्यानंतर देश कोण चालवत होते?

७ डिसेंबरला सत्ताधारी सदस्यांनी आधी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीच्या चौकशीचे विधेयक (नकाराधिकाराने परत आलेले असल्याने त्यास दोन तृतीयांश मते हवी होती) बाजूने १९८, विरोधात १०२ अशा मतांनी, म्हणजे दोन मतांनी पाडले आणि मग महाभियोगाच्या मतदानाआधी बहुसंख्येने सभागृह सोडले. १९२ विरोधक आणि सत्ताधारी बाजूचे फक्त तिघे, असे १९५ जणांचे मतदान झाले. २०० चा आकडाच न भरल्याने मतपेटी उघडलीदेखील नाही. बहिष्काराची ही खेळी एकदाच चालण्याजोगी होती. संसदेबाहेर जमलेला जनसमुदाय, पक्षाध्यक्ष हान डोंग-हून यांनी बदललेली भूमिका आणि १२ तारखेच्या भाषणात यून यांनी घेतलेला ताठर पवित्रा, यांमुळे १४ डिसेंबरला सर्व ३०० सदस्यांनी मतदान केले : बाजूने २०४, विरोधात ८५, तटस्थ ३, अवैध ८. मतदान गुप्त असल्याने कोण फुटले हे अधिकृतपणे कळत नाही, पण सत्ताधारी पक्षातील किमान बारा जण असणार, हे गणितच सांगते.

महाभियोग मंजूर होताच राष्ट्राध्यक्षाचे अधिकार स्थगित होतात, पद मात्र न्यायालयाच्या निकालापर्यंत राहते. पंतप्रधान हान डक-सू हंगामी राष्ट्राध्यक्ष झाले. २७ डिसेंबरला त्यांच्यावरही महाभियोग झाल्याने ती जबाबदारी अर्थमंत्री चोई सांग-मोक यांच्याकडे गेली. २४ मार्चला न्यायालयाने हान यांना परत आणले. १ मे रोजी हान यांनी निवडणूक लढवण्यासाठी राजीनामा दिला, चोई यांनीही त्याच रात्री दिला, आणि हंगामी राष्ट्राध्यक्षपदाची माळ शिक्षणमंत्री ली जू-हो यांच्या गळ्यात पडली.

१०. हान डक-सू यांच्यावर १९२ मतांनी महाभियोग मंजूर झाला. तेव्हा तेच राष्ट्राध्यक्षांचे काम पाहत होते, तर २०० मते नकोत का?

हा या प्रकरणातील सर्वांत चांगला प्रश्न आहे आणि घटनेत त्याचे उत्तर नाही. हान मूळचे पंतप्रधान असल्याने १५१ मते पुरेशी आहेत, असा निर्णय सभापतींनी दिला. सत्ताधारी सदस्यांनी त्यांच्या आसनासमोर जाऊन आरडाओरडा केला. घटना न्यायालयात आठ न्यायाधीशांची तीन मते पडली : पाच जणांनी महाभियोग फेटाळला, एकाने हान यांना हटवावे असे म्हटले, आणि दोघांच्या मते २०० मते नसल्याने प्रकरण दाखल करून घेण्याजोगेच नव्हते. अर्थात सहा जणांनी १५१ चा निकष मान्य केला. हान खटला जिंकले, पण मतसंख्येचा मुद्दा सभापतींच्या बाजूने लागला.

११. घटना न्यायालयाला १११ दिवस का लागले? आणि नऊऐवजी आठच न्यायाधीश कसे?

यापूर्वीच्या दोन प्रकरणांत, म्हणजे २००४ साली रो मू-ह्युन यांच्या वेळी ६३ दिवस आणि २०१६-१७ मध्ये पार्क गून-हे यांच्या वेळी ९१ दिवस लागले होते. रो पदावर परतले, पार्क पदच्युत झाल्या. कायद्यात मुदत १८० दिवसांची आहे.

न्यायालयाच्या नऊ जागांपैकी तीन राष्ट्राध्यक्षाच्या, तीन सभेच्या आणि तीन सरन्यायाधीशांच्या शिफारशीने भरल्या जातात. महाभियोग मंजूर झाला तेव्हा सभेच्या वाट्याच्या तिन्ही जागा रिकाम्या होत्या. केवळ सहा न्यायाधीश, आणि पदच्युतीसाठी सहाचीच सहमती हवी : एकाने जरी वेगळे मत दिले असते, तरी यून परतले असते. हान यांनी नेमणुका करायला नकार दिला आणि त्यांच्यावरील महाभियोगाचे तात्कालिक कारण तेच ठरले. चोई यांनी ३१ डिसेंबरला तिघांपैकी दोघांना नेमले, म्हणून आठ.

४ एप्रिलला हंगामी न्यायालयप्रमुख मून ह्युंग-बे यांनी निकाल वाचला : आठ विरुद्ध शून्य. घोषणेची कारणे व पद्धत, फर्मान, सभेत सैन्य पाठवणे, निवडणूक आयोगात सैन्य पाठवणे आणि कायदेक्षेत्रातील व्यक्तींचा ठावठिकाणा शोधण्याचा प्रयत्न, या पाचही मुद्द्यांवर घटनाभंग झाल्याचे ठरले. कोणताही घटनाभंग पुरेसा नसून तो गंभीर असावा लागतो, हा निकष रो यांच्या खटल्यात घालून दिलेला होता. यून यांचे कृत्य त्या निकषास उतरले. घोषणेपूर्वीची मंत्रिमंडळाची तथाकथित बैठक पाचेक मिनिटांची होती, याचीही न्यायालयाने दखल घेतली.

१२. पदावरील राष्ट्राध्यक्षाला अटक कशी करता आली? आणि स्वतःच्याच सरकारविरुद्ध बंड कसे होते?

घटनेच्या कलम ८४ नुसार राष्ट्राध्यक्षावर पदावर असताना फौजदारी खटला भरता येत नाही, मात्र बंड आणि देशद्रोह हे दोन गुन्हे त्याला अपवाद आहेत. आणि कोरियाच्या दंडसंहितेत बंड म्हणजे केवळ सरकार उलथवणे नव्हे. घटनेने निर्माण केलेल्या संस्थेला बळाच्या जोरावर काम करणे अशक्य करणे, हेही त्यात येते. सभा ही अशी संस्था आहे. चुन डू-ह्वान आणि रो ते-वू या माजी लष्करशहांना याच गुन्ह्याखाली शिक्षा झाली, ती सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली कायम केली आणि त्याच वर्षअखेरीस दोघांना माफी मिळाली.

अटकेचा पहिला प्रयत्न ३ जानेवारीला राष्ट्राध्यक्षांच्या सुरक्षा दलाने मानवी साखळी करून हाणून पाडला. १५ जानेवारीला मोठा पोलीस फौजफाटा शिड्या घेऊन निवासस्थानी गेला आणि यून यांना ताब्यात घेण्यात आले.

१३. जानेवारीत अटक झाली, तर मार्चमध्ये ते सुटले कसे? निर्दोष ठरले का?

नाही. वाद केवळ मुदतीच्या मोजणीचा होता. आरोपपत्राआधीच्या कोठडीतून न्यायालयाने वॉरंटच्या सुनावणीस घेतलेला वेळ वगळला जातो. अभियोक्त्यांनी हा वेळ नेहमीच्या पद्धतीने पूर्ण दिवसांत मोजला. सेऊलच्या मध्यवर्ती जिल्हा न्यायालयाने ७ मार्चला तो तासांत मोजला पाहिजे, असे सांगितले. त्या हिशेबाने मुदत २६ जानेवारीच्या सकाळी नऊनंतर लगेचच संपत होती, आणि आरोपपत्र त्याच दिवशी संध्याकाळी दाखल झाले होते. शिवाय तपास यंत्रणेला बंडाच्या गुन्ह्याचा तपास करण्याचा अधिकार होता का, यावरही न्यायालयाने शंका व्यक्त केली. अभियोक्त्यांनी अपील केले नाही आणि यून ८ मार्चला बाहेर आले. खटला चालूच राहिला. समर्थकांनी याला विजय मानले, विरोधकांनी न्यायव्यवस्थेची मेहेरबानी. मुळात तो तासांचा हिशेब होता.

१४. सगळा देश यून यांच्या विरोधात होता का?

नाही. एकीकडे तरुण मुली पॉप संगीताच्या कार्यक्रमातील प्रकाशकांड्या घेऊन निदर्शनांत उतरल्या, आणि जे येऊ शकत नव्हते त्यांनी जवळच्या कॉफीच्या दुकानांत निदर्शकांसाठी आगाऊ पैसे भरून ठेवले. दुसरीकडे ग्वांगह्वामून परिसरात यून यांच्या समर्थनार्थही प्रचंड मेळावे झाले. त्यांत निवडणुकांत घोटाळा झाल्याचा पुराव्याविना पसरलेला समज मोठा होता, आणि निवडणूक आयोगात सैन्य पाठवण्यामागे यून यांनी दिलेले कारणही तेच. १९ जानेवारीच्या पहाटे कोठडीचे वॉरंट निघताच समर्थकांच्या जमावाने सेऊलच्या पश्चिम जिल्हा न्यायालयात घुसून मोडतोड केली. जूनमध्ये पीपल पॉवर पक्षाच्या किम मून-सू यांना ४१.१५ टक्के मते मिळाली, हेही विसरू नये.

१५. ली जे-म्युंग यांच्यावरही खटले होते. मग ते राष्ट्राध्यक्ष कसे होऊ शकले?

निवडणूक कायद्याखालील एका खटल्यात नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांना स्थगित तुरुंगवासाची शिक्षा झाली, २६ मार्च २०२५ रोजी अपिलात ते निर्दोष सुटले आणि १ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द करून प्रकरण उच्च न्यायालयाकडे परत पाठवले. मतदानापूर्वी शिक्षा कायम झाली असती, तर उमेदवारीच गेली असती. उच्च न्यायालयाने सुनावणी निवडणुकीनंतरची ठेवली. ली ४९.४२ टक्के मतांनी जिंकले आणि जागा रिकामीच असल्याने दुसऱ्याच दिवशी, ४ जूनला, त्यांनी सूत्रे हाती घेतली.

त्यानंतर प्रश्न १२ मधील कलम ८४ पुन्हा समोर आले, या वेळी उलट्या बाजूने. नवा खटला भरता येत नाही हे स्पष्ट आहे, पण आधीपासून चालू असलेला खटला थांबतो का, यावर कायदेपंडितांत दोन तट आहेत. ९ जूनला सेऊल उच्च न्यायालयाने याच कलमाचा आधार घेऊन ली यांची सुनावणी बेमुदत पुढे ढकलली. घटना न्यायालयाचा या मुद्द्यावर निर्णय झालेला नसल्याने, ली यांची मुदत संपल्यावर तो खटला जेथे थांबला तेथून पुन्हा सुरू होण्याची शक्यता कायद्याने खुली आहे.